संध्याकाळी सातच्या विजेचा हिशेब: गिरणी, लोडशेडिंग आणि मुंबईचा पीक अवर

ज्यांना गर्दीच्या लोकलमध्ये इअरफोन सांभाळत ऐकणं जमत नाही, किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या वेळच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत. बाकी सगळं तसंच.

सुरुवात मुलुंडहून करू. मुलुंडला माझ्या काकांची पिठाची गिरणी आहे. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर, दोन जाती, भिंतीवर पिठाचा थर बसलेलं गणपतीचं कॅलेंडर. मागच्या वर्षी तिथे नवीन मीटर बसला आणि पुढच्या बिलात वेळेप्रमाणे वेगवेगळे खाने आले. काकांनी मला फोन केला. "अरे, तू इंजिनिअर ना? ये जरा. बिलात काहीतरी पीक-पीक लिहिलंय. मी काय शेतकरी आहे का?"

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या घरात इंजिनिअर म्हणजे फॅनपासून फोनपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे जावंच लागलं. काकांना सांगितलं, "काका, हे ज्वारीचं पीक नाही. पीक म्हणजे शिखर. ज्या वेळी सगळे एकदम वीज वापरतात, ती वेळ. त्या वेळची वीज महाग."

काका म्हणाले, "वीज तीच, वायर तीच, मोटर तीच. मग सकाळी अकराचं दळण स्वस्त आणि संध्याकाळी सातचं महाग, हा कुठला न्याय?"

मी उत्तर द्यायला गेलो आणि अडकलो. कारण 'न्याय' हा शब्द त्यांनी वापरला होता, आणि माझ्याकडे फक्त ग्राफ होता. म्हणून हा एपिसोड. एरवी आपण किल्ले, बंदरं, जुन्या गिरण्या असे विषय घेतो. आज पिठाच्या गिरणीतून सुरू करून शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ.

आठ बावन्नची लोकल

आधी पीक म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. मुंबईकराला हे शिकवायची गरजच नाही खरं तर.

सकाळी आठ ते दहा बोरिवलीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. त्याच रुळांवर, तसल्याच गाडीत दुपारी दीड वाजता तुम्ही खिडकीशी बसून डुलकी काढू शकता. पण रेल्वेला गाड्या किती घ्याव्या लागतात? दुपारच्या हिशेबाने नाही, सकाळच्या हिशेबाने. सकाळच्या दोन तासांसाठी घेतलेल्या गाडीचा खर्च दिवसभर चालू राहतो.

विजेचं असंच, पण जास्त कडक. लोकलमध्ये माणूस दारात लटकून तरी जातो. विजेत लटकणं नाही. ज्या क्षणी तुम्ही स्विच दाबता, त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. आपल्याकडे ग्रिड ५० हर्ट्झवर चालतो. मागणी वाढली आणि पुरवठा कमी पडला तर हा आकडा घसरतो. फार घसरला तर यंत्रं स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडतात, आणि मग अंधार.

म्हणून सगळ्यात जास्त मागणीच्या वेळेसाठी केंद्रं, लाइन्स, ट्रान्सफॉर्मर तयार ठेवावे लागतात. मुंबईची उन्हाळ्यातली कमाल मागणी अलीकडे ४,००० मेगावॉटच्या वर जाते. तेवढी वर्षभर रोज लागत नाही. पण ज्या केंद्राची गरज वर्षातून थोडेच तास असते, त्याचंही व्याज बाराही महिने चालू असतं. आणि स्वस्तातली केंद्रं आधी चालवतात, महागडी शेवटी. म्हणजे सातच्या सुमाराला तुमच्या ट्यूबलाइटपर्यंत पोचणारं शेवटचं युनिट सगळ्यात महागड्या केंद्रातलं असू शकतं.

हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? ही गोष्ट आपल्या स्वातंत्र्यापेक्षाही जुनी आहे.

ब्रायटनचा मीटर

१८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रायटन या समुद्रकाठच्या शहरात आर्थर राइट नावाच्या इंजिनिअरने एक वेगळा मीटर वापरात आणला. साधा मीटर सांगतो, एकूण किती वीज वापरली. राइटचा मीटर सांगायचा, तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त किती ओढलीत. दोन्ही आकडे मिळाल्यावर बिल दोन भागांत करता आलं: एक भाग तुमच्यासाठी यंत्रं तयार ठेवल्याचा, दुसरा प्रत्यक्ष वापराचा.

त्याच दशकात सॅम्युअल इन्सल नावाचा माणूस तिथे येऊन हे बघून गेला. हा एडिसनचा एकेकाळचा सेक्रेटरी. पुढे शिकागोत वीज कंपनी चालवायचा. त्याला कळलं की संध्याकाळी फक्त दिवे लागतात आणि दिवसभर यंत्रं झोपा काढतात. मग त्याने ट्रामला, कारखान्यांना दिवसाची वीज स्वस्तात विकली. यंत्रं तीच, कमाई जास्त, आणि सगळ्यांचेच दर खाली आले.

पुढचा टप्पा फ्रान्सचा. मार्सेल बोआतो नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९४९ मध्ये पीकच्या वेळेच्या दरांवर निबंध लिहिला. म्हणणं साधं होतं: ज्याच्यामुळे नवीन केंद्र बांधावं लागतं, त्याने त्या केंद्राचा खर्च द्यावा. हा माणूस नुसता लिहून थांबला नाही. तो फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीत होता आणि पुढे तिचा प्रमुख झाला. १९५० च्या दशकात मोठ्या ग्राहकांसाठी आणि १९६० च्या दशकात घरांसाठी तिथे वेळेप्रमाणे दर आले. फ्रेंच घरात पाणी रात्रीच्या स्वस्त विजेवर तापवून ठेवायची सवय तेव्हापासूनची.

तोपर्यंत मुंबईत काय चाललं होतं?

पाणी साठवता येतं

मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. पण मोठी उडी १९१५ ची. टाटांनी लोणावळ्याच्या आसपास धरणं बांधली, पाणी पाइपमधून घाटाखाली, पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडलं आणि तिथली वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना दिली. मागोमाग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वीज साठवणं तेव्हा परवडत नव्हतं, पण पाणी साठवता येत होतं. सह्याद्रीत पाऊस चार महिने पडतो, गिरणी बारा महिने चालते. म्हणून तलाव. गिरणीचा भोंगा झाला की पाणी सोडा, सुट्टी झाली की बंद करा. आजच्या भाषेत सांगायचं तर मुंबईची पहिली बॅटरी घाटावर होती आणि ती पाण्याची होती.

पण भिऱ्यासाठीचं पाणी अडवलं ते मुळशीत. मुळशी पेट्यातली पन्नासेक गावं, भाताची खाचरं त्यात जाणार होती. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते. शेतकरी, बाया, पोरं धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. आंदोलन हरलं, धरण झालं. मुंबईला पाहिजे त्या वेळी वीज मिळावी म्हणून कोणीतरी किंमत मोजली, आणि ती कोणाच्याही बिलात छापून आली नाही. हे वाक्य पुढे पुन्हा लागणार आहे.

उपनगरांची गोष्ट थोडी नंतरची. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे आपली जुनी बीएसईएस, १९२९ मध्ये स्थापन झाली. मी वाढलो घाटकोपरच्या पंतनगरात. आमच्या घरच्या जुन्या बिलांच्या फायलीत बीएसईएस आहे, मग रिलायन्स, आणि २०१८ नंतर अदानी. मीटरची जागा तीच, वरचं नाव बदलत गेलं. माहीम-शीवच्या अलीकडे बेस्ट, त्यापुढे उपनगरांत अदानी आणि टाटा, आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. एकाच महानगरपालिकेत तुम्ही कुठे राहता त्यावर तुमचं बिल कोण पाठवणार ते ठरतं.

घड्याळ हलवून बघितलं

दर बदलण्याच्या आधी लोकांनी घड्याळच बदलून बघितलं होतं.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मनीने उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केली. लोक लवकर उठतील, संध्याकाळी उजेडात घरी येतील, दिवे उशिरा लागतील, कोळसा वाचेल. इतर देशांनी लगेच उचललं. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाचं घड्याळ एक तास पुढे होतं.

मुंबईचं तर आणखी वेगळं. देशात प्रमाणवेळ १९०६ ला आली, पण मुंबईने ती मनापासून घेतलीच नाही. स्वतःचा 'मुंबई टाइम' होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. महापालिकेने तो १९५५ पर्यंत सांभाळला. म्हणजे किती वाजता संध्याकाळ होते, हा प्रश्नसुद्धा या शहरात राजकीय होता. आपल्याला वाटतं वेळ म्हणजे निसर्ग. तसं नाही, वेळ ठरवलेली असते.

आतोबांची शुक्रवारची सुट्टी

आता माझ्या लहानपणात येऊ. साल २००६-०७. माझी आत्या डोंबिवलीला राहायची, अजूनही तिथेच असते. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायचो आणि मला तिथली एक गोष्ट प्रचंड भारी वाटायची: लोडशेडिंग. वीज गेली की सगळी पोरं खाली, लपाछपी, कोणी अभ्यासाचं नावही काढायचं नाही. आत्याला मात्र भारी वाटत नव्हतं. तिचा दिवस वेळापत्रकाला बांधलेला. मिक्सर आत्ताच फिरवून घे, टाकीत पाणी आत्ताच चढव, इस्त्री आत्ताच कर.

आणि आतोबांची सुट्टी शुक्रवारी असायची. मला कोडं पडायचं, सगळ्या जगाला रविवार आणि आतोबांना शुक्रवार का? ते डोंबिवली एमआयडीसीत कामाला होते. पुढे कळलं की पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. ही योजना विजेचीच. सगळे कारखाने रविवारी बंद आणि बाकी सहा दिवस एकदम चालू, असं झालं तर त्या सहा दिवसांचा भार वाढतो. म्हणून भागाभागाची सुट्टी वेगवेगळ्या वारी. आमच्या आत्याच्या घरात नवरा आणि मुलं एकत्र जेवायला बसायची वेळ आठवड्यातून क्वचित यायची, त्यामागे विजेचा आलेख होता. हे कळायला मला पंधरा वर्षं लागली.

त्या काळात महाराष्ट्राची तूट मोठी होती. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प २००१ मध्ये बंद पडलेला, नवीन केंद्रं पुरेशी आलेली नाहीत, आणि मागणी दरवर्षी वर. पीकच्या वेळी चार-पाच हजार मेगावॉटपर्यंत कमी पडायची. ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसायची. मुंबईत मात्र नाही. कारण सांगितलं जायचं ते खोटं नव्हतं: मुंबईच्या कंपन्यांची स्वतःची व्यवस्था होती, ट्रॉम्बे, डहाणू आणि घाटातली जलविद्युत केंद्रं. पण रात्री डोंबिवलीहून परत येताना, ठाणे सोडून गाडी मुंबईत शिरली की खिडकीतून झगमगाट दिसायचा, आणि दहा वर्षांच्या मला वाटायचं की मुंबईची माणसं जास्त हुशार असणार.

शेतकऱ्याचं तर याहून वाईट. शेतीच्या पंपांना वीज पाळीपाळीने दिली जायची: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्री का? कारण रात्री शहरं झोपतात आणि वीज उरते. म्हणजे शेतकरी पीकच्या वेळेतून बाजूला सरकवला गेला, आणि त्यासाठी त्याला मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जावं लागलं, साप-विंचवाच्या आणि काही भागांत बिबट्याच्या धास्तीत. काकांचा विनोद इथे खरा होतो बघा. शहराचा पीक सांभाळायला गावाकडच्या पिकाला रात्री पाणी.

आता सगळं एका ओळीत मांडून बघा. मुळशीने जमीन दिली. डोंबिवलीने अंधार सोसला. आतोबांनी रविवार दिला. शेतकऱ्याने झोप दिली. पीकची किंमत नेहमीच दिली गेली आहे. प्रश्न एवढाच होता की कोणी दिली, आणि ती कागदावर दिसली का.

मीटरला वेळ आठवत नव्हती

मग दरातच फरक का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. केला होता, पण मोठ्यांपुरता.

राज्याचा वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला आणि २००० च्या सुमारास मोठ्या उद्योगांना वेळेप्रमाणे दर लागू झाले. याला टाइम ऑफ डे, टीओडी म्हणतात. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६२ मध्ये, वीज कोणत्या वेळी लागते त्यावरून दरात फरक करायला परवानगी आहे. अनेक वर्षं महावितरणचा साचा साधारण असा होता: सकाळी ९ ते १२ युनिटमागे ८० पैसे जास्त, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जास्त, आणि रात्री १० ते सकाळी ६ दीड रुपया कमी. म्हणून कित्येक भट्ट्या आणि कारखाने रात्रपाळीत चालायचे.

घरांना हे का नव्हतं? कारण जुना मीटर. ती अॅल्युमिनियमची चकती आठवते? लाल खूण असलेली, गोल फिरणारी. ती किती फिरली ते कळायचं, कधी फिरली ते नाही. आमच्या भाषेत सांगतो: त्या मीटरमध्ये एकच काउंटर होता, टाइमस्टॅम्प नव्हता. म्हणून आपल्याला स्लॅब मिळाले: १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा. स्लॅब सांगतो, कमी वापरा. कधी वापरा, हे तो सांगू शकत नाही. हे दोन वेगळे सल्ले आहेत. पहाटे तीनला जळणारा दिवा आणि संध्याकाळी साडेसातला जळणारा दिवा स्लॅबला सारखाच.

आता स्मार्ट मीटर आले आणि टाइमस्टॅम्प आला. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले: शेती सोडून सगळ्यांना टप्प्याटप्प्याने टीओडी, सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत दर निदान २० टक्के कमी, पीकला व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना निदान २० टक्के जास्त, बाकीच्यांना निदान १० टक्के. २०२५ मध्ये महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे सवलत जाहीर केली. म्हणजे घरांच्या बाबतीत सुरुवात सवलतीने झाली.

गंमत कशात आहे बघा. वीस वर्षं आपण उद्योगांना सांगत होतो, रात्री चालवा, रात्री स्वस्त आहे. आता म्हणतोय, दुपारी चालवा. कारण सौर ऊर्जा. दुपारी बाराला पॅनल भरभरून वीज देतात, आणि नेमकं दिवे लागायच्या वेळी मावळतात. मग संध्याकाळचा सगळा भार कोळशावर आणि पाण्यावर. कोयनेसारखं केंद्र इथे हुकमाचा पत्ता आहे, १,९६० मेगावॉटचं आणि काही मिनिटांत वरखाली होणारं. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. देशाची मागणी तेव्हा सुमारे ३१,००० मेगावॉटने पडली आणि पुन्हा वर आली. तो झोका मुख्यतः देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी पेलला. पण कोयनेचं पाणी मोजकं आहे, रोज उधळता येत नाही.

आणि त्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बसली. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या लाइन्स बंद पडल्या आणि लोकलसकट सगळं थांबलं. मी घरून काम करत होतो. ऑफिसच्या कॉलवर वाक्याच्या मधोमध गायब झालो. त्या दिवशी मला कळलं की मुंबईची स्वतःची केंद्रं आता पुरत नाहीत. बाहेरून येणाऱ्या थोड्या तारांवर हे शहर उभं आहे. डोंबिवलीचा अंधार काही दुसऱ्या ग्रहावर नव्हता.

मग न्याय कुठे?

परत काकांच्या प्रश्नाकडे.

माझा पहिला हिशेब माझ्या स्वतःच्या सोयीचा होता. आम्ही ऑफिसमध्ये जड कामं रात्री लावतो, सर्व्हर मोकळे असतात तेव्हा. तसंच घरी करू. वॉशिंग मशीन दुपारी लावू. समजा महिन्याला वीस वेळा, दर वेळी अर्धं युनिट. दहा युनिट, आठ रुपये वाचले. आठ रुपये, मंडळी! एका कटिंगचेही नाहीत. एसी, गिझर, गाडी चार्ज करणं, असं काही मोठं असेल तरच घरच्या बिलात फरक दिसतो.

आणि ज्याच्या घरात दोन ट्यूबलाइट, एक पंखा आणि टीव्ही आहे, त्याने काय सरकवायचं? संध्याकाळी पोराचा अभ्यास दुपारी दोनला करून घ्यायचा? दिवसभर घराला कुलूप, सगळी माणसं कामावर. स्वस्त तासांत त्यांच्या घरचा मीटर जवळजवळ थांबलेला असतो. ज्याच्याकडे एसी आणि घरून काम, त्याला दुपारची सवलत न मागता मिळते. म्हणून घरांवर पीकचा जादा दर लावायची वेळ येईल तेव्हा पहिले शंभर युनिट त्यातून वगळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि महिना संपल्यावर बिल हातात देऊन उपयोग नाही. काल संध्याकाळी किती वापरली ते आज फोनवर, मराठीत दिसलं पाहिजे. नाहीतर लोकांना आपण काय चुकलो हेच कळणार नाही.

हेही मान्य करतो की या दरांमुळे वापर सरकतो, लगेच कमी होतोच असं नाही. पण सरकला तरी फायदा आहे. एक महागडं केंद्र कमी बांधावं लागतं, एक लाइन कमी ओढावी लागते, आणि दुपारची सूर्याची वीज वाया जात नाही.

एवढं सगळं बोलून मी काकांकडे दुसऱ्यांदा गेलो. म्हटलं, गिरणी संध्याकाळी तीन तास पूर्ण भाराने चालली तर साधारण सतरा युनिट. समजा दोन वेळांच्या दरात दीड रुपयाचा फरक पडला, तर दिवसाला पंचवीस रुपये, सव्वीस दिवसांचे साडेसहाशे. काकांनी कॅल्क्युलेटरवर तपासून घेतलं. पुतण्यावर विश्वास आहे, पण हिशेब हिशेब.

मग त्यांनी मला शिकवलं. म्हणाले, "आम्ही हे कायमच करतो रे. आधी सगळा गहू, मग ज्वारी, मग बाजरी. मध्ये बाजरी घातली तर पुढच्याचा गहू काळा पडतो. डबे रांगेत लावूनच दळण होतं." म्हणजे मी ज्याला बॅच प्रोसेसिंग म्हणतो, ते काका चाळीस वर्षं पिठाच्या पांढऱ्या हातांनी करत आहेत.

त्यांनी पुठ्ठ्यावर पाटी लिहिली: 'डबा आज ठेवा, उद्या संध्याकाळी न्या.' ज्यांना चालतं ते ठेवून जातात, काका दुपारी दळून ठेवतात. पण पहिल्याच आठवड्यात सात वाजता एक बाई आल्या. ठाण्याहून कामावरून आलेल्या, हातात दोन किलोचा डबा. म्हणाल्या, "दादा, उद्या कसं? भाकरी आज करायचीये." काकांनी काही न बोलता मोटर चालू केली.

मी विचारलं, "तिचे जास्त पैसे घेणार का?" काका म्हणाले, "दुपारच्या डब्यांत वाचतायत ना, त्यात बसतं ते."

नियामक आयोगाच्या भाषेत याला क्रॉस सबसिडी म्हणतात. काका त्याला काहीच म्हणत नाहीत.

ही गोष्ट मी आत्याला फोनवर सांगितली. ती लोडशेडिंगच्या दिवसांतली बाई. ऐकून म्हणाली, "महाग तर महाग, पण आहे ना वीज? आम्हाला कोणी विचारलं पण नव्हतं." मला वाटतं काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. पैशात सांगितलेली किंमत निदान दिसते, तिच्यावर भांडता येतं, सुनावणीत हरकत घेता येते. अंधारावर हरकत घ्यायला खिडकी नव्हती. उरलेलं अर्धं उत्तर काकांनी स्वतः दिलं: ज्याला वेळ सरकवता येते त्याने सरकवावी, म्हणजे ज्याला येत नाही त्याची भाकरी होते. हे नियमात लिहून आणणं आपलं काम आहे.

तर या आठवड्यासाठी एक छोटं काम. तुमचं बिल काढा, मागची बाजूही वाचा. मीटर कोणता आहे आणि वेळेचे खाने आहेत का, ते बघा. तुमच्या घरी, दुकानात, वर्कशॉपमध्ये काय सरकवता येतं आणि काय अजिबात येत नाही, ते आम्हाला लिहून पाठवा. 'येत नाही'वाली यादी जास्त महत्त्वाची. दरांच्या सुनावणीच्या वेळी तीच कामाला येईल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत दळण वेळेवर टाका.